बालवयातील गृहशिक्षण

बालवयातील गृहशिक्षण म्हणजे लहान मुलाला शाळेत नियमितपणे न पाठवता, किंवा शाळाप्रवेशाचे वय होईपर्यंत, पालकांनी घरीच योजनापूर्वक दिलेले शिक्षण होय. त्यात पुस्तकांचे वाचन, हस्तकला, खेळ, निसर्गनिरीक्षण आणि स्वयंपाक, बाजारहाट, बागकाम यांसारखे दैनंदिन व्यवहार ही शिक्षणाची साधने असतात. मराठीत यासाठी 'गृहशाळा', 'घरशाळा' आणि 'होमस्कूलिंग' हे शब्दही वापरले जातात. हा लेख प्रामुख्याने ३ ते ८ या वयोगटासंबंधी आणि महाराष्ट्राच्या संदर्भात आहे.

घरी असलेले प्रत्येक मूल गृहशिक्षण घेत असते असे नाही. मुलासाठी राखून ठेवलेला प्रौढ व्यक्तीचा वेळ, शिकण्यातील सातत्य आणि मुलाच्या प्रगतीकडे लक्ष या तीन गोष्टी असतील तरच त्याला गृहशिक्षण म्हणता येते. त्या नसतील तर ते मूल केवळ 'शाळाबाह्य' ठरते. हा भेद या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

## संज्ञा व व्याप्ती

गृहशिक्षणाशी मिळत्याजुळत्या काही संकल्पनांपासून ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

* घरचा अभ्यास व शिकवणी : शाळेच्या अभ्यासक्रमाला पूरक म्हणून घरी केलेले काम. येथे शिक्षणाची मुख्य जबाबदारी शाळेकडेच असते.
* गृहाधारित शिक्षण : तीव्र किंवा बहुविध अपंगत्वामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या बालकांना शासकीय यंत्रणेच्या साहाय्याने घरी मिळणारे शिक्षण.
* दूरस्थ शालेय शिक्षण : शाळेने दिलेले पाठ घरी बसून शिकणे. मार्च २०२० पासून कोविड साथीमुळे शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम राबवण्यात आला, तो या प्रकारचा होता.
* मुक्त शिक्षण : ठरावीक अभ्यासक्रम न ठेवता मुलाच्या कुतूहलाच्या मागे जाणारी पद्धत. अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्ट (१९२३–१९८५) यांनी तिचा पुरस्कार केला. ही गृहशिक्षणाचीच एक शाखा मानली जाते.

## मराठी प्रदेशातील पूर्वपीठिका

### शाळेचे दार बंद असताना

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलांचे प्राथमिक शिक्षण गावातील पंतोजींच्या शाळेत होत असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वाचन आणि पाढे, पावकी, निमकी यांचे पाठांतर हा त्या शाळेचा गाभा होता. मुली आणि वंचित जातींतील मुले सामान्यतः या व्यवस्थेबाहेर राहत. त्यांच्यापैकी ज्या थोड्यांना अक्षरओळख झाली, त्यांतील अनेकांना ती घरी झाली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवले. कोणत्याही शाळेत न गेलेल्या रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी 'पंडिता' ही पदवी दिली. सावित्रीबाई फुले यांचे शिक्षणही प्रारंभी जोतीराव फुले यांच्याकडे घरीच झाले. १८७३ मध्ये विवाह होऊन आलेल्या रमाबाई रानडे यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घरी शिकवले.

या सर्व उदाहरणांत घर हा शाळेला पर्याय म्हणून निवडला गेला नव्हता. शाळा उपलब्ध नव्हती, म्हणून घर पुढे आले होते. घरी शिकलेल्या सावित्रीबाईंनी पुढे इतर मुलींसाठी शाळा चालवल्या, ही गोष्ट त्या दृष्टीने लक्षणीय आहे.

### सक्तीच्या शिक्षणाची मागणी

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये यासंबंधीचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. ते संमत झाले नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला.

मुलाला शाळेत पाठवणे हे पालकांचे कर्तव्य मानणारा आजचा कायदा या परंपरेतून आला आहे. मुलाला काम, जात आणि दारिद्र्य यांच्या कचाट्यातून सोडवणे हा त्यामागील हेतू होता.

### बालशिक्षण व मूलोद्योग

गृहशिक्षण करणारी अनेक कुटुंबे ज्या पद्धती वापरतात, त्यांतील बऱ्याच पद्धतींची मुळे मराठी बालशिक्षणाच्या चळवळीत आढळतात. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून तेथे शंख, शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंपासून साधने तयार करण्यात आली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' हे प्रयोग झाले. १९५७ पासून हे काम कोसबाड येथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या सहभागाने पुढे गेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचवला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या 'नई तालीम' योजनेत हस्तोद्योग हा स्वतंत्र विषय नव्हता. सर्व विषय शिकवण्याचे ते माध्यम होते. सूत कातताना मोजणी, कापसाची शेती, हवामान आणि इतिहास यांचा परिचय व्हावा, अशी ती कल्पना होती.

## अध्यापनाच्या पद्धती

लहान मुलाचे लक्ष एका जागी फार काळ टिकत नाही. त्यामुळे घरी शिकवताना बैठकीचे काम थोडे आणि हाताचे काम अधिक ठेवले जाते. वेळापत्रकापेक्षा दिनक्रमाला महत्त्व दिले जाते : सकाळी घरकामातील सहभाग, त्यानंतर थोडा वेळ वाचन व अंक, दुपारी हस्तकला, सायंकाळी मोकळा खेळ आणि रात्री गोष्ट.

### भाषा व पुस्तके

भाषाशिक्षणाची सुरुवात ऐकण्या-बोलण्यापासून होते. रोज मोठ्याने वाचून दाखवणे, एकच पुस्तक मुलाच्या आग्रहाखातर पुन्हा पुन्हा वाचणे, चित्रांवर गप्पा मारणे आणि मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून काढणे हे नेहमीचे उपक्रम आहेत. लिहून काढलेल्या गोष्टीला मुलाने चित्रे काढली आणि पाने सुईदोऱ्याने शिवली, की मुलाचे स्वतःचे पुस्तक तयार होते. असे पुस्तक मूल सहसा वाचते, कारण त्यातील वाक्ये त्याला आधीच ठाऊक असतात.

देवनागरी अक्षरे शिकवताना वर्णमालेचा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. मुलाच्या स्वतःच्या नावातील अक्षरांपासून प्रारंभ करता येतो किंवा वळणाच्या साम्यानुसार गट करता येतात : ग, म, भ, न, व, ब, क, प, ष, फ, ट, ठ, ढ. चार-पाच अक्षरे व एखादी स्वरचिन्हाची मात्रा येताच 'मामा', 'काका', 'नाक', 'कान' असे शब्द बनवता येतात. सुटी अक्षरे पाठ करण्यापेक्षा अर्थपूर्ण शब्दापर्यंत लवकर पोहोचणे मुलाला अधिक उत्साह देते.

मराठीत या वयासाठी वाचनसाहित्य उपलब्ध आहे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'वाचू आनंदे' ही पुस्तके, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके, 'चिकूपिकू' हे लहान मुलांसाठीचे मासिक आणि बालभारतीचे १९७१ पासून प्रसिद्ध होणारे 'किशोर' मासिक (थोड्या मोठ्या मुलांसाठी) यांचा उल्लेख करता येईल. पालकांसाठी गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न', तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'चा मराठी अनुवाद आणि १९८७ पासून पुण्याहून निघणारे 'पालकनीती' हे मासिक परिचित आहेत.

### अंक व मापन

चिंचोके, सागरगोटे, शेंगा, काड्या ही अंकज्ञानाची घरगुती साधने होत. दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दशक दाखवता येतो. मराठी संख्यानामांत एक अडचण असते : 'त्रेचाळीस' म्हणताना एककातील तीन आधी आणि चाळीस नंतर येतात, लिहिताना मात्र ४ आधी व ३ नंतर लिहितात. त्यामुळे मुले ४३ ऐवजी ३४ लिहितात. ही मुलाची बेफिकिरी नसून भाषेच्या रचनेचा परिणाम आहे. २०१९ मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस तीन' अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला होता. घरी दोन्ही नावे शेजारी शेजारी म्हणून आणि काड्यांचे गठ्ठे मांडून ही अडचण सोडवता येते. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणा, हेही काड्यांनी दाखवता येते.

धान्य मोजण्याची जुनी मापे अपूर्णांकांसाठी उपयुक्त ठरतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. म्हणजे एका पायलीत १६ चिपटी मावतात. चिपटे आणि पायली घेऊन बाजरी मोजणाऱ्या मुलाला निम्मे, पाव आणि दुप्पट हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. त्याच धान्याचे ग्रॅम व किलोग्रॅममध्ये वजन केले, की धारण व वजन यांतील फरकही लक्षात येतो.

### हस्तकला

कापणे, चिकटवणे, मळणे, विणणे यांमुळे बोटांतील ताकद आणि डोळा व हात यांचा मेळ वाढतो. लेखनापूर्वी या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीत मातीचा किल्ला, संक्रांतीला पतंग, रोजच्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी अशी मराठी घरातील वर्षभराची हस्तकलाच अभ्यासक्रमाचे काम करते. रांगोळीत ओळीने ठिपके मोजावे लागतात आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्या लागतात. समरूपतेची ओळख तेथे होते. किल्ल्यावर पेरलेली मोहरी किंवा हळीव काही दिवसांत उगवते.

टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी तयार करण्यासाठी अरविंद गुप्ता यांचे साहित्य मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहे. त्यांनी पुण्यातील 'आयुका' या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात दीर्घकाळ काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

### दैनंदिन व्यवहार

भाजी निवडणे, शेंगा सोलणे, डाळीतील खडे वेचणे, कपड्यांच्या घड्या करणे ही कामे वर्गीकरण व क्रम शिकवतात. कणीक मळताना पाणी किती लागते, लोणी कढवल्यावर तूप का होते, दुधाला विरजण लावल्यावर रात्रभरात काय घडते, हे प्रश्न विज्ञानाचेच आहेत.

घटस्थापनेचे उदाहरण विशेष बोलके आहे. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नवरात्रात रोज किती वाढले, हे दोरीने मोजून वहीत नोंदवता येते. देवघरातील अंकुर पिवळसर राहतात. त्याच दिवशी अंगणातील कुंडीत पेरलेले दाणे मात्र हिरवे होतात. हा फरक का पडला, असे विचारल्यास पाच-सहा वर्षांचे मूलही प्रकाशापर्यंत स्वतः पोहोचू शकते. दसऱ्याला टोपीत तुरा खोवला जातो, तेव्हा वहीत नऊ दिवसांच्या नोंदी तयार असतात.

## देवळाली प्रवरा परिसराचा संदर्भ

स्थानिक परिसर अभ्यासक्रमात कसा आणता येतो आणि त्याच परिसरात गृहशिक्षणाची मर्यादा कोठे लागते, हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील देवळाली प्रवरा या राहुरी तालुक्यातील नगरपरिषद असलेल्या गावाच्या उदाहरणावरून पाहता येते.

गावाच्या नावातील प्रवरा नदी अकोले तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावते. तिच्यावर भंडारदरा येथे १९२६ मध्ये पूर्ण झालेले धरण आहे. संगमनेर व नेवासे ही गावे तिच्या काठी असून प्रवरासंगम येथे ती गोदावरीला मिळते. नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी परंपरा आहे. शेताला पाणी कोठून येते, या एका प्रश्नापासून सुरुवात केली तर मुलाला नकाशा, धरण, कालवा आणि मराठी वाङ्मय यांपर्यंत नेता येते. राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. बाजरी, ज्वारी, कांदा, ऊस या पिकांचे ऋतुचक्र मुलाला घराबाहेर पडताच दिसते.

याच परिसराची दुसरी बाजूही आहे. हिवाळ्यात साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, तेव्हा ऊसतोड कामगार कुटुंबे बाहेरून येथे येतात आणि शेताकडेला किंवा कारखान्याजवळ कोप्या उभारून राहतात. त्यांच्यासोबत आलेली मुलेही मोळ्या मोजतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, बैलांना वाढे घालतात. वरवर पाहता हे 'दैनंदिन व्यवहारांतून शिक्षण'च आहे. परंतु बागायतदाराच्या ओट्यावर चिपट्याने बाजरी मोजणाऱ्या मुलापाशी प्रश्न विचारणारी, उत्तराची वाट पाहणारी आणि रात्री गोष्ट वाचून दाखवणारी व्यक्ती असू शकते. कोपीतील मुलाचे आईवडील पहाटे फडात जातात. तेथे कामाची गती कारखाना ठरवतो. मुलाच्या कुतूहलासाठी ती थांबत नाही. अशा मुलांसाठी महाराष्ट्रात साखरशाळा आणि मूळ गावी हंगामी वसतिगृहे हे उपाय करण्यात आले. यावरून असे दिसते, की काम तेच असले तरी त्यातून शिक्षण घडेल की मजुरी, हे मुलासाठी कोणाकडे किती वेळ आहे यावर अवलंबून असते.

## कायदेशीर स्थिती

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अन्वये ६ ते १४ वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तसेच अनुच्छेद ५१-क मध्ये त्या वयाच्या पाल्यास शिक्षणाच्या संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

* ३ ते ६ वर्षे : या वयात शाळाप्रवेश बंधनकारक नाही. त्यामुळे घरी शिकवण्यास कायद्याची अडचण येत नाही.
* ६ ते १४ वर्षे : कलम १० नुसार पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. ते न पाळल्यास पालकांना दंड करण्याची तरतूद मात्र अधिनियमात नाही. अधिनियमात पालकांनी स्वेच्छेने निवडलेल्या गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख किंवा नोंदणीची पद्धत नाही.
* अपवाद : २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध अथवा तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क मिळाला.
* शाळेत परतणे : कलम ४ नुसार कधीही शाळेत न गेलेल्या किंवा शिक्षण अपुरे राहिलेल्या बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्यासाठी वेळोवेळी सर्वेक्षणे होतात. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर असे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. गृहशिक्षणाची वेगळी नोंद नसल्याने, घरी उत्तम शिकणारे मूल आणि कामाला जुंपलेले मूल अशा पाहणीत एकाच रकान्यात येऊ शकतात.

पुढील परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष असलेले मुक्त मूलभूत शिक्षणाचे 'अ', 'ब', 'क' स्तर आणि माध्यमिक परीक्षा उपलब्ध आहेत. राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षा आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीसाठी खासगी विद्यार्थ्यांचा १७ क्रमांकाचा अर्ज हे अन्य मार्ग आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा 'पायाभूत स्तर' मानला असून त्यात खेळ, कृती व मातृभाषा यांवर भर आहे. या वयातील शिक्षणाच्या पद्धतीबाबत शाळा आणि गृहशिक्षण यांतील अंतर त्यामुळे कागदावर तरी कमी झाले आहे.

## आक्षेप व मर्यादा

* सहवास : भिन्न जात, धर्म व आर्थिक स्तरांतील मुलांशी येणारा रोजचा संबंध घरी मिळत नाही. तो खेळगट, वाचनालये, मैदाने व शिबिरे यांतून जाणीवपूर्वक घडवावा लागतो.
* श्रमाची विभागणी : मुलाला शिकवण्याचा भार बहुधा आईवर पडतो आणि तिला अर्थार्जन सोडावे लागते. ज्या घरात दोघांनाही कमवावे लागते, तेथे हा मार्ग सहसा खुला नसतो.
* मुलींबाबत धोका : घरकामात मदत हे शिक्षण आहे, या सबबीखाली मुलीला शाळेपासून दूर ठेवले जाण्याची शक्यता असते. तेच काम मुलगाही करतो का आणि मुलीला पुस्तकासाठी तितकाच वेळ मिळतो का, ही त्याची कसोटी आहे.
* सेवांपासून दुरावा : शासकीय शाळा व अंगणवाडीतून मिळणारा पोषण आहार, आरोग्य तपासणी व मोफत पुस्तके घरी राहणाऱ्या मुलाला आपोआप मिळत नाहीत. दृष्टी, श्रवण किंवा वाचनातील अडचण शिक्षकाच्या लक्षात येण्याची संधीही कमी होते.

समर्थकांच्या मते मुलाच्या गतीने शिकणे, मातृभाषेत खोलवर रुजणे, परीक्षेच्या भीतीपासून मुक्तता आणि पालक व मूल यांतील निकट नाते या घरच्या शिक्षणाच्या जमेच्या बाजू आहेत.

## नोंदी व मूल्यमापन

गृहशिक्षणात गुणांऐवजी नोंदी ठेवल्या जातात. तारखेसह चित्रे, मुलाने लिहिलेली पाने, वाचलेल्या पुस्तकांची यादी, केलेल्या प्रयोगांच्या वह्या आणि मुलाने विचारलेले प्रश्न यांचा संग्रह केला जातो. जन्मदाखला, आधार व लसीकरणाची नोंद अद्ययावत ठेवणेही महत्त्वाचे असते. या नोंदींमुळे शिकण्यातील सातत्य पालकांना दिसते, पुढे शाळेत प्रवेश घेताना वर्ग ठरवणे सोपे जाते आणि कुटुंबाची परिस्थिती बदलली तरी मुलाची शाळेकडे जाण्याची वाट मोकळी राहते.

## हे सुद्धा पहा

* ताराबाई मोडक
* अनुताई वाघ
* नई तालीम
* अंगणवाडी
* साखरशाळा
* देवळाली प्रवरा